उष्टं न केलेलं वाक्य

गिरणीत त्याला सगळे पुटपुट्या म्हणत. आईबापाने ठेवलेलं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि ते तिथेच सुखात पडून होतं. त्या नावाने त्याला कुणी हाक मारल्याचं त्याच्या स्वतःच्याही लक्षात नव्हतं.

तसं पाहिलं तर विणकाम खात्यात हाक नावाची गोष्टच नव्हती. एका पत्र्याच्या छपराखाली एकशे साठ माग. एकेका विणकराकडे चार. आडवं सूत नेणारा धोटा इकडून सुटायचा, तिकडे आपटायचा, तिकडून सुटायचा, इकडे आपटायचा. एका मागाचा आवाज म्हणजे कुणीतरी दारावर फुंकणीने बडवतंय असा. असे एकशे साठ बडवणारे आणि दार म्हणजे आपलं डोकं. नवा माणूस आला की आठवडाभर कानात कापसाचे बोळे घालायचा. पुढे बोळ्यांची गरज उरायची नाही, कारण कानांचीच उरायची नाही.

म्हणून इथे लोक ओठांनी बोलत. आवाज काढायचाच नाही, नुसते ओठ अक्षर न् अक्षर सुटं करत हलवायचे, समोरच्याने ते वाचायचे. चाळीस हातांवरून दोन विणकर एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरायचे आणि मधून चालणाऱ्या हिशेबनिसाला वाटायचं, किती शांत माणसं आहेत बिचारी! सवय अशी हाडीमाशी भिनलेली की घरी गेल्यावरही आवाज फुटत नसे. बायका वैतागायच्या. "मी काय मासा पाळलाय घरात? तोंड उघडताय, मिटताय, ऐकू काही येत नाही!"

या विद्येत पुटपुट्याचा हात धरणारा कुणी नव्हता. तो बाजूने वाचायचा, आरशातून वाचायचा, झुपकेदार मिशीतून वाचायचा. "मिशीवाल्याचं बोलणं म्हणजे गवतात पळणारा उंदीर," तो म्हणे. "उंदीर बघायचा नाही, गवत बघायचं." आपल्या मेव्हण्याला, बायकोच्या धाकट्या भावाला, त्यानेच गिरणीत आणलं, माग शिकवला, ओठही शिकवले. मेव्हणा हुशार निघाला. पुढे खात्याचा जॉबर झाला, म्हणजे चाळीसही विणकरांवरचा मुकादम.

आणि पुटपुट्या हे नाव कशावरून पडलं, तर सकाळी माग सुरू करताना तो जे पुटपुटायचा त्यावरून. मागाचा दांडा ओढायच्या आधी तो डावा हात कापडावर ठेवायचा आणि ओठ हलवायचा. "देवा, तूच माझा राखणदार. तुझ्यावाचून मला कोणी नाही." चार मागांवर चार वेळा. बस्स, एवढंच. हे वाक्य त्याच्या आईचं. तीही विणकरच. तिने पोराला वाक्य दिलं तेव्हा एकच अट घातली होती. "हे एकाच ताटात वाढायचं. दुसऱ्या कुणापुढे उष्टं करायचं नाही. मालकापुढे नाही, नवऱ्या-बायकोपुढे नाही, डॉक्टरपुढे तर नाहीच नाही. कितीही गळ्याशी आलं तरी."

देवाने त्याला फार काही दिलं होतं अशातला भाग नाही. दोन मुलं लहानपणी गेली. एक मुलगी जगली, तिचं लग्न झालं, तर जावई बांधकामाच्या परांचीवरून पडून कमरेखाली लुळा झाला. आता मुलगी आणि जावई दोघेही त्याच्याच घरी, गिरणीने दिलेल्या दोन खोल्यांत. मुलगी गिरणीतच, धोट्यात बसणाऱ्या सुताच्या कांड्या भरायच्या खात्यात लागली. ते खातं काचेच्या भिंतीपलीकडे होतं. मान वर केली की बापलेक एकमेकांना दिसत, आणि दिसत म्हणजे बोलत. "बाबा, डब्यात मीठ कमी आहे, आईला सांगू नका." "बरं."

असं नाकासमोर चाललेलं असताना थोरले मालक वारले.

धाकट्या मालकांनी बापाचा फोटो मोठा करून घेतला. एवढा मोठा की एकेक नाकपुडी माणसाच्या मुठीएवढी. तो खात्याच्या भिंतीवर उंच टांगला, खाली लाल दिवा बसवला आणि नियम काढला. रोज सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी लाल दिवा लागेल. प्रत्येकाने फोटोकडे तोंड करायचं, उजवा हात छातीवर ठेवायचा आणि वाक्य म्हणायचं. माग मात्र बंद करायचे नाहीत, कापड थांबता कामा नये. फोटोखाली जॉबर उभा राहील, चाळीस जणांचे ओठ वाचील आणि वहीत खूण करील. ज्याच्या नावापुढे खूण नाही, त्याला गिरणीत जागा नाही आणि गिरणीच्या खोलीतही नाही.

वाक्य असं होतं: "तूच आमचा अन्नदाता, तूच आमचा राखणदार, तुझ्यावाचून आम्हाला कोणी नाही."

पुटपुट्याने कागद वाचला आणि त्याला वाटलं, आपल्या घरात शिरून कुणीतरी आईची पेटी उघडली. वाक्य रचलं होतं कचेरीतल्या कारकुनाने. पुटपुट्याने त्याला गाठून कागद पुढे धरला, तर तो लाजून म्हणाला, "अहो, मला कुठलं सुचतंय! लहानपणी तुमच्याच गल्लीत राहायचो की. तुमच्या आई ओट्यावर बसून असलंच काहीतरी म्हणायच्या. चांगलं वाटलं कानाला, म्हणून घातलं. का? चुकलं का काही?"

पुटपुट्या कागदाची घडी घालून परत फिरला. त्या माणसाला चूक समजावून सांगायची म्हणजे आधी आई समजावून सांगावी लागली असती.

बाकीच्यांना त्या वाक्याचं काही वाटलं नाही. "फोटोला काय कान आहेत?" ते म्हणाले. एक विणकर नकला करण्यात पटाईत होता, त्याला नकल्याच म्हणत. त्याने दुसऱ्याच दिवशी हात छातीवर ठेवून गंभीर चेहऱ्याने फोटोला एक सणसणीत शिवी हासडली. पण फोटोला कान नसले तरी जॉबरला डोळे होते. नकल्या दोन दिवस घरी बसला आणि तिसऱ्या दिवशी माफी मागून परत आला तो शुद्ध वाक्य घेऊन.

पुटपुट्याने दुसरी वाट काढली. लाल दिवा लागायच्या क्षणी त्याच्या मागावर एक उभा धागा तुटायचा. तुटलेला धागा थांबत नाही, विणकराला तिथल्या तिथे वाकून गाठ मारावीच लागते, हा खात्याचा फोटोपेक्षा जुना नियम. तो वाकायचा, गाठ मारायचा, वर बघेपर्यंत दिवा विझलेला. मेव्हणा वहीत खूण करून टाकायचा.

असे एकोणीस दिवस गेले.

"दाजी," मेव्हणा एकदा ओठांनी म्हणाला, "तुमच्या मागाला रोज सात-पाचलाच उचकी लागते होय?"

"जुना माग आहे."

"माग जुना आहे, नखं नवी दिसतात. मी विणकर होतो दाजी, विसरू नका. धागा तुटला की तोडला, कळतं मला."

पुटपुट्याच्या मानेपासून कानापर्यंत जाळ झाला. चाळीस वर्षांत त्याने धड धागा तोडला नव्हता. आता रोज तोडत होता, आणि कुणापासून तोंड लपवत होता हेही त्याला धड सांगता येत नव्हतं, फोटोपासून की देवापासून. खाली वाकलेला माणूस दोघांनाही पाठच दाखवतो.

घरी बायकोने ते ओळखलं होतंच. "नुसते ओठ हलवा की हो! आवाज नाही, मन नाही, नुसते ओठ. दोन कातड्याचे तुकडे. देव काय ते मोजायला बसलाय?"

"मी देवाशीही तेवढ्यानेच बोलतो," तो म्हणाला.

 बायकोला राग आला. "त्याने काय असं दिलंय तुम्हाला, एवढं सांगा."

"मी मागायला म्हणतच नाही ते."

"मग कशाला म्हणता?"

 त्याला खरंच माहीत नव्हतं. श्वास कशाला घेता असं विचारल्यासारखं होतं ते.

शेवटी त्याला कापडानेच पकडून दिलं. तयार कापड तपासणाऱ्यांना एकाच मागाच्या कापडात रोज ठरावीक अंतरावर गाठ सापडू लागली. बोभाटा वरपर्यंत गेला आणि एका सकाळी धाकटे मालक कानात कापूस कोंबून स्वतः खाली आले. येऊन उभे राहिले ते थेट पुटपुट्याच्या कोपराला कोपर लावून.

दिवा लागला. आता धागा तोडायची सोय नव्हती. पुटपुट्या फोटोकडे वळला. हात छातीवर ठेवला. हाताचं काय, त्यावर आईने अट घातली नव्हती. पण ओठ मिटलेले राहिले. दिवा विझला.

मालकांनी जॉबरच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं. काय विचारलं ते पुटपुट्याने मालकांच्या ओठांवर वाचलं. "म्हणाला का?"

मेव्हण्याने पुटपुट्याकडे पाहिलं. मग मान डोलावली. हो, म्हणाला.

"मी नाही म्हणालो," पुटपुट्याचे ओठ म्हणाले. "मालक, मी नाही म्हणालो. मी कधीच म्हणत नाही."

खात्यातल्या झाडून सगळ्यांनी ते वाचलं. काचेपलीकडे मुलीनेही वाचलं आणि तिच्या हातातली कांडी खाली पडली. वाचलं नाही ते एकट्या मालकांनी. ते कचेरीत वाढलेले. त्यांना दिसला तो छातीवर हात ठेवून अजूनही ओठ हलवणारा म्हातारा. पुटपुट्याने घशातून आवाज काढायचा प्रयत्न केला. गंजलेली कडी हलावी तसं काहीतरी झालं आणि ते मागांनी गिळून टाकलं. मालकांचे डोळे भरून आले होते. त्यांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि जॉबरला सांगितलं, "दिवा विझला तरी याचं चालूच आहे बघ. याला म्हणतात माणूस! उद्यापासून यानेच पुढे उभं राहायचं. आधी हा म्हणेल, मग बाकीचे."

संध्याकाळी मेव्हणा घरी आला तो चपला न काढताच बसला. आतल्या खोलीत जावई पडलेला, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून सगळे ओठांनीच बोलू लागले. खोलीत चार माणसं तोंडं उघडत होती आणि ऐकू येत होता तो फक्त चुलीवरच्या पाण्याचा खदखदाट.

"खोटं कशाला बोललास?" पुटपुट्या म्हणाला.

"मग काय खरं बोलू? तुम्हाला हाकलू? ताईला रस्त्यावर काढू? आतल्या लुळ्याला काय डोक्यावर घेऊन फिरणार आहात?"

"तुला मी ओठ याच्यासाठी शिकवले?"

"दाजी, ऐका माझं. मनात तुमचा देव ठेवा, तोंड फोटोकडे करा. वाक्य तेच तर आहे! कुणाला म्हणताय ते तुमचं तुम्हाला ठाऊक."

हे पुटपुट्याच्या मनात आलं नव्हतं असं नाही. दिवसभर तेच घोळत होतं. "मी पुढे उभा," तो म्हणाला. "चाळीस जण माझे ओठ वाचणार. ते काय वाचतील? म्हाताऱ्याने शेवटी फोटोपुढे मान टाकली. त्यांना मन वाचायला मी शिकवलेलं नाही."

"त्यांना काय वाटतं ते मरू द्या! देवाला तर कळेल?"

"कळेल," पुटपुट्या म्हणाला. "मी ते दुसऱ्याच्या ताटात वाढलं, हेही कळेल."

मेव्हण्याने कपाळावर हात मारून घेतला. बायको पदराला हात पुसत उभी राहिली, पुसून झाले तरी पुसतच राहिली.

मुलगी इतका वेळ भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "बाबा, मी म्हणते रोज. तिकडे आमच्याकडेही दिवा आहे. मी म्हणते आणि कांड्या भरायला लागते. मी वाईट आहे का?"

"नाही गं."

"मग तुम्ही का नाही?"

त्याला तिला सांगायचं होतं की आईने ते वाक्य मला दिलं, मी तुला कधी दिलंच नाही, तुझ्याकडे उष्टं करायला काही नव्हतंच. पण हे सांगणं म्हणजे, तुला मी काहीच दिलं नाही, असं सांगण्यासारखं होतं. तो नुसता तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

"मी काय करायचं तेवढं सांगा," मुलगी म्हणाली.



सकाळी तो फोटोखाली उभा राहिला. बाजूला वही घेऊन मेव्हणा. समोर एकोणचाळीस तोंडं. वर कचेरीच्या काचेआड धाकटे मालक. दिवा लागला आणि चाळीस हात छातीवर गेले. सगळ्यांचे डोळे त्याच्या ओठांवर.

तो उभा राहिला.

माग चालूच होते. विणकराने पाठ फिरवलेले एकशे साठ माग. त्याने म्हटल्याशिवाय कुणाला म्हणता येत नव्हतं, आणि म्हटल्याशिवाय कुणाला मागाकडे वळता येत नव्हतं. पुटपुट्याचे कान गेलेले असले तरी तळपाय शाबूत होते. फरशीतून त्याला कळलं की तिसऱ्या रांगेत एक धागा तुटला. मग दुसरा. मग पहिल्या रांगेत धोट्यातली कांडी संपली आणि धोटा रिकामाच पळू लागला. कापडात भोकं पडत होती. कुणाच्या तरी हातची आठ दिवसांची मेहनत फाटत होती, आणि त्याच्या बोटांना सवयीने गाठी मारायची ओढ लागली होती.

समोरचे ओठ हलू लागले.

"म्हण की रे बाबा."

"माझं बीमवरचं सूत वाया चाललं!"

"देव तुझा आणि कापड आमचं होय?"

नकल्या नक्कल न करता रडत होता. "पाया पडतो तुझ्या. एकदा म्हण. एकदाच."

आणि त्या सगळ्यांच्या डोक्यांवरून, काचेपलीकडून मुलगी. "बाबा, म्हणा. बाबा, म्हणा ना."

त्याने देवाला आत शोधलं. काहीतरी आधार मिळेल, छाती भरून येईल, असं त्याला कुठेतरी वाटत होतं. तसलं काही झालं नाही. आत सगळं कोरडं ठणठणीत होतं. होती ती फक्त आईने घातलेली अट, आणि ती मोडायला त्याच्याकडे ओठ नव्हते.

त्याने तोंड उघडलं. समोरची माणसं पुढे झुकली.

"माफ करा," तो म्हणाला. आणि ओठ मिटले.

मेव्हण्यानेच शेवटी हात लांब करून दिवा विझवला. सगळे जण मागांकडे धावले.

दुपारपर्यंत सगळा निकाल लागला. पुटपुट्याला काढलं. मेव्हण्याची वही काढून घेतली आणि त्याला विणकर म्हणून परत मागावर धाडलं, पुटपुट्याच्याच चार मागांवर. मुलीला वर बोलावून घेतलं. तिथे काय बोलणं झालं ते तिने घरी सांगितलं नाही. खोली आपल्याकडेच राहणार एवढं सांगितलं आणि जावयाची कूस बदलायला आत गेली. गिरणीतली माणसं रस्त्यात भेटली की तोंड फिरवू लागली. ओठांनी बोलणाऱ्यांत तोंड फिरवलं की संपलंच, मागून ओरडायचीही सोय नाही.

घरात बसून पुटपुट्याला आणखी एक गोष्ट कळली. सात वाजले की हात आपोआप पुढे यायचा, पण खाली कापड नसायचं. तो मांडीवर हात ठेवून ओठ हलवायचा.

"काय म्हणालात?" बायको विचारायची.

"काही नाही."

आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला त्याला जमायचं नाही.

पाचव्या दिवशी मुलगी डबा विसरून गेली. बायकोचे गुडघे धरलेले, म्हणून तो डबा घेऊन निघाला. गिरणीच्या बाजूच्या बोळात विणकाम खात्याची खिडकी होती. तंतूंनी काच पांढरी झालेली, पण मधे कुणीतरी हाताने पुसलेला एक गोल होता. त्याने न राहवून त्यातून पाहिलं.

लाल दिवा लागलेला होता. फोटोखाली त्याच्या जागेवर त्याची मुलगी उभी होती.

काचेपलीकडच्या खात्यातून तिला इकडे आणून उभं केलं होतं. खोली कशी राहिली ते त्याला आता कळलं. उजवा हात छातीवर. समोर चाळीस जण, त्यांत मेव्हणा. मुलीने डोळे खाली घातले आणि ओठ हलवले. सावकाश, स्वच्छ, एकेक अक्षर सुटं. असे ओठ त्याने कुणालाच शिकवले नव्हते, मेव्हण्यालाही नाही; ते तिने लहानपणापासून त्याच्या तोंडाकडे बघून उचलले होते. तूच राखणदार. तुझ्यावाचून कोणी नाही. त्याला एकदम वाटलं, आपल्या आईचे ओठ. ती हे फोटोला म्हणत होती, खोलीला म्हणत होती, घरी पडलेल्या लुळ्या नवऱ्याला, की आणखी कुणाला? त्याने जीव एकवटून वाचलं. पण ओठांवर नुसती अक्षरं येतात. कुणाला म्हटलं, ते येत नाही.

दिवा विझला. तिने मागे वळून पाहिलं नाही.

तो फाटकाशी गेला. फाटकावर नवा पहारेकरी होता, धडधाकट कानांचा. त्याने डब्याकडे पाहिलं. "कुणाचा?"

पुटपुट्याने ओठ हलवले.

"काय?"

त्याने पुन्हा हलवले.

"अहो आजोबा, मोठ्याने बोला की जरा. कुणाला द्यायचा हा?"

पुटपुट्याने घसा खाकरला. तोंड उघडलं. काही आलं नाही. मग त्याने डबा पहारेकऱ्याच्या टेबलावर ठेवला, खात्याच्या दिशेने बोट केलं आणि पहारेकऱ्याला कळलं की नाही हे न बघताच तिथे उभा राहिला.